वकिली करूं इच्छिणाऱ्यानें पदवीस कोणता विषय घ्यावा?

बारावीचा निकाल लागला कीं गिरगांव-दादरकडील मध्यम स्थितींतील अनेक घरांत एक प्रश्न उपस्थित होतो. मुलाचा अथवा मुलीचा ओढा कायद्याकडे आहे. बोलण्यांत तरतरी आहे, वाद घालण्याची हौस तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याहि चांगल्या परिचयाची आहे. मग पदवीस विषय कोणता घ्यावा? वडील म्हणतात वाणिज्य घे, कारण वकिली न चालली तरी हिशेब लिहून पोट भरेल. मामा म्हणतात राज्यशास्त्र घे, कारण कायदा हा राज्यशास्त्राचाच धाकटा भाऊ. तिसरे कोणी सद्गृहस्थ बारावीनंतरच्या सलग पांच वर्षांच्या अभ्यासक्रमाची थोरवी सांगतात. आणि ज्याच्यासाठीं एवढी खलबतें चाललीं, तो मुलगा मित्र जेथें अर्ज भरतील तेथेंच आपलाहि अर्ज भरून मोकळा होतो.

या प्रश्नाचें नियमांतील उत्तर फारच लहान आहे. तीन वर्षांच्या एल्एल्. बी. च्या अभ्यासक्रमास कोणत्याहि मान्य विद्यापीठाची, कोणत्याहि शाखेची पदवी चालते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ सालच्या नियमांनीं विषयाची अट मुळींच घातलेली नाहीं. अट आहे ती गुणांची: सर्वसाधारण विद्यार्थ्यांस ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांस ४२ टक्के व अनुसूचित जातिजमातींस ४० टक्के. म्हणजे संस्कृत घेतलेला, रसायनशास्त्र घेतलेला आणि जमाखर्च शिकलेला असे तिघेहि एकाच बाकावर येऊन बसतात. परंतु नियमास जें चालतें तें प्रत्येकाच्या हिताचें असतेंच असें नाहीं. म्हणून विचार करावयाचा तो येथून पुढें.

या शहराचा इतिहासच या बाबतींत पुष्कळ बोलका आहे. सरकारी विधि महाविद्यालय १८५५ सालीं स्थापन झालें, तेव्हांपासून मुंबईंत कायद्याची जी थोर माणसें निपजलीं त्यांचे पदवीचे विषय पाहिले तर एकास दुसरा जुळत नाहीं. महादेव गोविंद रानडे १८६२ सालीं मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या तुकडींत बी. ए. झाले व १८६६ सालीं एल्एल्. बी.; त्यांचा व्यासंग इतिहासाचा व अर्थशास्त्राचा. काशिनाथ त्र्यंबक तेलंग संस्कृतज्ञ. त्यांचें भगवद्गीतेचें इंग्रजी भाषांतर १८८२ सालीं निघालें, आणि १८८९ सालीं ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. लोकमान्य टिळकांचा विषय गणित. १८७९ सालीं एल्एल्. बी. होऊनहि त्यांनीं वकिली केली नाहीं हें खरें. पण १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यांत स्वतःचा बचाव त्यांनीं स्वतःच केला. परळच्या चाळींत राहिलेले भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजांतून १९१२ सालीं अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन पदवीधर झाले, पुढें ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन आले व १९३५ सालीं याच सरकारी विधि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. एल्फिन्स्टनमधूनच अर्थशास्त्र घेऊन निघालेल्या मिठन टाटा या मुंबई उच्च न्यायालयांत वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री होत. स्त्रियांस वकिलीची दारें खुलीं करणारा कायदा १९२३ सालचा. आणि गिरगांवांतील आंग्रेवाडींत राहून उच्च न्यायालयांत वकिली करणारे पांडुरंग वामन काणे? त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पांच खंड १९३० ते १९६२ या काळांत प्रसिद्ध झाले, आणि १९६३ सालीं त्यांस भारतरत्न मिळालें. संस्कृत आणि कायदा हे दोन वेगळे विषय आहेत असें त्यांच्या ग्रंथांवरून कोणास वाटणार नाहीं.

सर्वांत मौजेचें उदाहरण नानी पालखीवाला यांचें. त्यांनीं एम. ए. केलें तें इंग्रजी वाङ्मय घेऊन, सेंट झेवियर्स कॉलेजांत. त्यांची इच्छा होती प्राध्यापक होण्याची. ती जागा मिळाली नाहीं, म्हणून ते कायद्याकडे वळले. आणि १९५० सालीं त्यांचें नांव ज्या ग्रंथावर झळकलें तो ग्रंथ कोणत्या विषयावरचा? आयकरावरचा! सर जमशेटजी कांगा यांच्यासमवेत लिहिलेला तो ग्रंथ करविषयक वकिलांच्या टेबलावर पिढ्यान् पिढ्या राहिला आहे. करांची वकिली करावयाची तर वाणिज्यच घेतलें पाहिजे, असें छातीठोकपणें सांगणाऱ्यांनीं या गोष्टीचा थोडा विचार करावा.

मात्र थोरांच्या उदाहरणांवरून भलताच निष्कर्ष काढूं नये. विषय कोणताहि घेतला तरी सारखेंच, असा त्यांचा अर्थ नव्हे. त्यांच्यांत समान होतें तें हें कीं, प्रत्येकानें जो विषय घेतला तो कसून केला. कठीण ग्रंथ मुळांतून वाचण्याची, वाचलेलें तोलण्याची आणि तोललेलें नेमक्या शब्दांत मांडण्याची संवय त्या विषयानें त्यांस लावली. वकिलीस लागतें तें हेंच. कायद्यांतील कलमें पुढें विधि महाविद्यालयांत शिकावयाचींच आहेत; तीं शिकण्याजोगी बुद्धि तयार करणें हें पदवीचें काम.

वकिलाचें काम म्हणजे उभें राहून भाषण करणें, ही समजूत चित्रपटांनीं पसरविली आहे. खरें काम कसें असतें तें पाहावयाचें तर गिरगांवांतील एखाद्या जुन्या चाळीची खोली डोळ्यांपुढें आणावी. खोली पागडीची, भाडेकरू वारला, मालक म्हणतो खोली रिकामी करा, पुतण्या म्हणतो मी काकांजवळच राहत होतों. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ सालचा. त्यांतील ‘भाडेकरू’ या शब्दाच्या व्याख्येप्रमाणें मृत भाडेकरूच्या पश्चात् प्रथम पाहावयाचें तें हें कीं, मृत्यूच्या वेळीं त्याच्याबरोबर राहणारी कुटुंबांतील व्यक्ति कोण. आतां हा पुतण्या कुटुंबांतील म्हणावयाचा का? आणि तो ‘बरोबर राहत’ होता, कीं शनिवार-रविवारीं डोंबिवलीहून येऊन जात होता? वकिलापुढें येते ती एक पिशवी: शिधापत्रिका, विजेचीं बिलें, मतदारयादीचा उतारा, भाडेपावत्या, शाळेचा दाखला, दवाखान्याचा कागद, मालकाच्या दोन नोटिसा, त्यांतील एक फाटलेली. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयांत ती पिशवी घेऊन जाण्यापूर्वीं प्रत्येक कागद तारखेप्रमाणें लावावयाचा. कोणता कागद काय सिद्ध करतो व काय सिद्ध करीत नाहीं हें ठरवावयाचें. शिधापत्रिकेवर नांव असणें आणि प्रत्यक्ष राहणें यांतील अंतर ओळखावयाचें. विरुद्ध पक्षाचा वकील नेमका कोठें बोट ठेवील तें आधींच पाहून ठेवावयाचें. आणि हें सर्व आठ-दहा पानांत अशा रीतीनें लिहावयाचें कीं, दिवसभर प्रकरणें ऐकून थकलेल्या न्यायाधीशासहि तें एका वाचनांत कळावें. तोंडाळपणाचा येथें कांहींच उपयोग नाहीं. ज्या विद्यार्थ्यानें इतिहासाच्या वर्गांत दोन बखरींतील विसंगति शोधली आहे, किंवा गणितांत गृहीत काय आणि साध्य काय हें वेगळें ठेवण्यास जो शिकला आहे, त्यास ही पिशवी परकी वाटत नाहीं.

म्हणून विषय निवडतांना पाहावयाचें तें असें: या विषयांत विद्यार्थी मूळ ग्रंथ वाचणार आहे, कीं परीक्षेच्या आदल्या रात्रीं बाजारांतील मार्गदर्शिका पाठ करणार आहे? आवडीच्या विषयांत पहिल्या वर्गानें उत्तीर्ण होणारा, नावडत्या ‘उपयुक्त’ विषयांत रखडणाऱ्याच्या पुढें जातो. ४५ टक्क्यांची अट वर सांगितलीच. नावडत्या विषयानें ती अट अडली तर सगळेंच मुसळ केरांत.

एवढें म्हटल्यावर विषयांच्या गुणदोषांकडे वळण्यास हरकत नाहीं. राज्यशास्त्र व इतिहास घेणाऱ्यास घटनेचा अभ्यास सोपा जातो. संसद, न्यायालयें, केंद्र व राज्यें यांचे संबंध त्यास नवे नसतात. अर्थशास्त्र थोडें अधिक कष्टाचें, पण आजच्या काळांत फार कामास येणारें. तर्कशास्त्र व तत्त्वज्ञान घेण्यास आतां फारसें कोणी धजत नाहीं, ही खेदाची गोष्ट आहे. घटनेवरील ज्यांचा ग्रंथ वकीलवर्गांत प्रमाण मानला जातो ते होर्मसजी सिरवई तत्त्वज्ञानाचेच विद्यार्थी होते, व १९५७ ते १९७४ इतका दीर्घ काळ ते महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. समाजशास्त्र, मानसशास्त्र हे विषयहि कौटुंबिक वा फौजदारी कामांत उपयोगी पडतात. मात्र केवळ ‘सोपे’ म्हणून ते घेऊं नयेत.

वाणिज्याचें महत्त्व मुंबईंत निराळें सांगावयास नको. पोदार, सिडनहॅम येथून निघालेले पुष्कळ विद्यार्थी पुढें कायद्याकडे जातात, आणि कांहीं सनदी लेखापालाची परीक्षा देऊन मग एल्एल्. बी. करतात. आयकर अपील न्यायाधिकरण १९४१ सालापासून आहे, व कंपनी कायद्याचें राष्ट्रीय न्यायाधिकरण २०१६ सालीं सुरू झालें. या दोन्ही ठिकाणीं सनदी लेखापालांसहि पक्षकारातर्फे उभें राहतां येतें. तेव्हां ज्या वकिलास ताळेबंद वाचतां येत नाहीं त्याची तेथें पंचाईत होते. पालखीवालांसारख्या वाङ्मयाच्या पदवीधरानें ती विद्या मागाहून मिळविली. प्रत्येकास तें साधेल असें मात्र नाहीं.

विज्ञान घेतलेल्या मुलांस घरचे लोक हटकून विचारतात कीं, कायदाच करावयाचा होता तर प्रयोगशाळेंत तीन वर्षें कशाला घालविलीं? वस्तुस्थिति उलट आहे. पेटंट एजंटाची परीक्षा द्यावयाची तर विज्ञान, अभियांत्रिकी वा तंत्रज्ञान यांतील पदवीच लागते. आणि अँटॉप हिलचें पेटंट कार्यालय तर दादर-परळच्या विद्यार्थ्यांस घराजवळचें. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागूं झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणें भ्रमणध्वनींतील वा संगणकांतील पुरावा दाखल करतांना विहित नमुन्यांतील प्रमाणपत्र द्यावें लागतें, व त्यांत त्या नोंदीची ‘हॅश’ संख्याहि नमूद करावी लागते. ही संख्या काय प्रकार आहे हें समजणारा वकील उलटतपासणींत उजवा ठरतो.

याच तारखेपासून दुसरीहि एक गोष्ट घडली, ती पाठांतरावर विसंबणाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावी. १८६० सालचा दंडविधान कायदा, १८७२ सालचा पुराव्याचा कायदा व १९७३ सालची फौजदारी प्रक्रिया संहिता हे तिन्ही एकाच दिवशीं पायउतार झाले. खुनाच्या शिक्षेचें ३०२ कलम आतां १०३ झालें. आणि ज्या ४२० नें मराठी भाषेस एक सुटसुटीत शिवी दिली, तें फसवणुकीचें कलम ३१८ मध्यें जाऊन बसलें. पुढें २१ नोव्हेंबर २०२५ रोजीं कामगारांविषयींच्या चार संहिता अमलांत आल्या. लालबाग-परळच्या गिरणगांवांत ज्या कायद्यांच्या आधारें अनेक भांडणें लढलीं गेलीं, त्यांतील कित्येक त्यांत विलीन झाले. कलमांचे आंकडे घोकलेल्यांस पुन्हां श्रीगणेशा करावा लागला. कलमामागील तत्त्व ज्यांस उमगलें होतें त्यांस केवळ आंकडा बदलावा लागला.

भाषेविषयीं थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे, कारण घरोघरीं या बाबतींत मोठा गैरसमज आढळतो. कांहींची समजूत अशी कीं, मराठी शाळेंतून आलेल्या मुलानें वकिलीच्या वाटेस जाऊंच नये. तर कांहींची अशी कीं, आतां सर्व मराठींत चालणार, तेव्हां इंग्रजीचें ओझें कशाला? दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. राज्य सरकारच्या १९९८ सालच्या अधिसूचनेनें उच्च न्यायालयाच्या खालील न्यायालयांची भाषा मराठी ठरविली आहे. उच्च व सर्वोच्च न्यायालयांची भाषा मात्र घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणें इंग्रजी. म्हणजे भोईवाड्याच्या न्यायालयांत साक्षीदार जें मराठींत बोलला, त्याचाच अर्थ कांहीं वर्षांनीं फोर्टमधील उच्च न्यायालयांत इंग्रजींत सांगावा लागतो. ‘मारलें’ आणि ‘मारून टाकलें’ यांत जें अंतर आहे तें इंग्रजींत उतरविणें कोशांतील शब्द लावून साधत नाहीं. आणि त्या अंतरावर कोणाचें आयुष्य अवलंबून असूं शकतें. या कामास दोन्ही भाषा मुरलेल्या लागतात. म्हणून पदवीचा मुख्य विषय कोणताहि असो, मराठी माध्यमाच्या मुलानें इंग्रजीचा एखादा अभ्यासपत्र जोडीस ठेवावा आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलानें मराठीचा. दुसरी सूचना पहिलीहून अधिक निकडीची आहे. इंग्रजी शाळेंत वाढलेल्या कित्येक मराठी मुलांस घरच्या खोलीचें खरेदीखतहि वाचतां येत नाहीं.

आतां पांच वर्षें कीं तीन अधिक तीन, हा प्रश्न. बारावीनंतर सलग अभ्यासक्रम घेतला तर पांच वर्षांत कायद्याची पदवी हातीं येते. आधीं निराळी पदवी घेऊन मग एल्एल्. बी. केली तर सहा वर्षें. फरक एका वर्षाचा, पण त्यावरून निर्णय करूं नये. ज्यास सतराव्या-अठराव्या वर्षींच आपला मार्ग निश्चित दिसत आहे, त्यानें पांच वर्षांचा मार्ग खुशाल धरावा. त्यांत इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र हे विषय प्रारंभीं शिकवितातच. परंतु ज्याचें मन दोलायमान आहे त्यानें आधीं एक स्वतंत्र पदवी पदरांत पाडून घेणें शहाणपणाचें. कारण २००८ च्या नियमांनीं सलग अभ्यासक्रमांतून मध्येंच पदवी घेऊन उतरण्यास, तसेंच पदवीच्या बळावर त्यांत मध्येंच चढण्यास मनाई केली आहे. तीन वर्षांनंतर कंटाळा आला तर काय, याचें उत्तर प्रवेशापूर्वींच देऊन ठेवलेलें बरें.

दोन्ही अभ्यासक्रमांसाठीं राज्य सरकारची सामाईक प्रवेशपरीक्षा २०१६ सालापासून घेतली जाते. ती मराठींतहि देतां येते. देशांतील राष्ट्रीय विधि विद्यापीठांची परीक्षा निराळी व इंग्रजीची; मुंबईंतहि असें एक विद्यापीठ २०१४ च्या कायद्यान्वयें निघालें आहे. तेथील शिक्षणाचा लौकिक मोठा, तसा खर्चहि मोठा. सरकारी विधि महाविद्यालयाचें शुल्क त्या मानानें पुष्कळ कमी. लालबागच्या चाळींतील बापानें कर्ज काढण्यापूर्वीं ही गोष्ट मनांत आणावी कीं, नव्या वकिलास पहिलीं कांहीं वर्षें मिळणारा पैसा बहुधा जेमतेम असतो. ज्या घरांत मुलाच्या मिळकतीची वाट पाहणें चालूं आहे, तेथें वाणिज्याची पदवी घेऊन दोन वर्षें नोकरी करणें व मग एल्एल्. बी. स जाणें यांत कमीपणा मुळींच नाहीं.

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांस एक इशारा अगत्यानें द्यावयास हवा. दहावी व बारावी रीतसर उत्तीर्ण होऊन पुढें मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर अडचण येत नाहीं. परंतु बारावी न होतां, केवळ पूर्वतयारीची परीक्षा देऊन थेट मुक्त विद्यापीठाची पदवी मिळविली असेल, तर २००८ चे तेच नियम अशा उमेदवारास कायद्याच्या प्रवेशास अपात्र ठरवितात. तीन वर्षें रात्रीं जागून मिळविलेली पदवी दाराशींच निरुपयोगी ठरावी, याहून मोठें दुर्दैव तें कोणतें? ज्याची बारावी राहिली आहे त्यानें आधीं ती पुरी करावी.

न्यायाधीश होण्याची आकांक्षा असेल तर हिशेब आणखी निराळा. कनिष्ठ स्तरावरील दिवाणी न्यायाधीशाची परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो, व तीस मराठी उत्तम येणें आवश्यक असतें. पूर्वीं नवपदवीधरांसहि ही परीक्षा देतां येत असे. परंतु २० मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हां घातली. वकिलीसाठीं तरी केवळ पदवी पुरत नाहीं. राज्याच्या बार कौन्सिलकडे नांव नोंदवून अखिल भारतीय वकील परीक्षा द्यावी लागते, ही रीत २०११ सालापासूनची.

अर्ज भरण्याची मुदत संपण्यापूर्वीं घरच्या घरीं एक परीक्षा घेण्यासारखी आहे. तीस शुल्क नाहीं. भाडे नियंत्रण अधिनियमांतील भाडेकरूची ती व्याख्या मराठींत छापलेली मिळते. ती मुलास अथवा मुलीस वाचावयास द्यावी, आणि आपल्याच चाळींतील एखाद्या खोलीस ती कशी लागूं पडते तें कोणाची मदत न घेतां एका पानांत लिहावयास सांगावें. दुसऱ्या दिवशीं तेंच पान इंग्रजींत. नंतर सुटीच्या एखाद्या सकाळीं लघुवाद न्यायालयांत जाऊन मागच्या बाकावर दोन-तीन तास बसावें. न्यायालयें सामान्यतः सर्वांस खुलीं असतात. पुढच्या तारखा, वकिलाची वाट पाहणारे पक्षकार, गठ्ठ्यांतून न सांपडणारा कागद, हें सर्व डोळ्यांनीं पाहूनहि जो दुसऱ्या आठवड्यांत आपण होऊन पुन्हां तेथें जाऊन बसतो, त्यास पदवीचा विषय कोणता घ्यावा हें त्याचें त्यालाच ठरवूं द्यावें.